दिवसाकाठी एक फळ

गेल्या चातुर्मासात आमच्या घरात अंडे आले. वाचकांनी दचकू नये. मी मात्र दचकलो होतो. मूल गावी आमची धान-तांदळाची पेढी आहे, तिच्यामागे वखार आणि वखारीला लांबलचक पडवी. श्रावणातली झड लागली होती. माझा तेरा वर्षांचा नातू हातात मोबाइल धरून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत होता. काही पाठ करीत असेल असे समजून मी कौतुकाने विचारले, "काय चालले आहे, बेटा?" मान वर न करता तो म्हणाला, "अंडं उबवतोय, दादाजी."

पोती मोजणारे हमाल हसू लागले. मुनीमजींनी कानाला हात लावला. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्याला जवळ बोलावले.

खेळाचे नाव 'पोकेमॉन गो'. जगभर तो २०१६ च्या जुलैपासून पसरला आणि भारतात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रीतसर आला. यात बसून खेळता येत नाही. खरोखर चालावे लागते. चालता चालता मोबाइलच्या पडद्यावर चित्रविचित्र जीव भेटतात, त्यांना पकडून संग्रह करायचा. काही जीव अंड्यांतून निघतात आणि अंडे उबवण्यासाठी कधी २, कधी ५, कधी १० किलोमीटर पायपीट करावी लागते. मुंबई-पुण्याच्या मुलांना हे ठीक आहे. आमच्याकडे दिवस कलल्यावर वेशीबाहेर पायी जायचे, तर माणूस आधी वाघाचा विचार करतो. ताडोबाचे जंगल आता नकाशातल्या रेषेपुरते राहिलेले नाही. मूल, सिंदेवाही, सावलीच्या शेतकऱ्यांना हे मी सांगायला नको. म्हणून दहा किलोमीटर त्याने आमच्या पडवीत, पोत्यांच्या थप्प्यांना प्रदक्षिणा घालून पूर्ण केले. त्याला तीन दिवस लागले.

आणि त्या अंड्यातून जो जीव निघाला, तो मांडी घालून बसलेला होता.

त्याचे नाव मेडिटाइट. निळसर राखी अंग, कमरेखाली फुगीर पांढरी विजार घातल्यासारखा आकार, डोक्यावर कांद्याच्या गड्ड्यासारखा उंचवटा (उपमा आमच्या स्वयंपाकघरातली नव्हे, पण दुसरी सुचत नाही), डोळ्यांत एक प्रकारची निर्धारयुक्त गांगरलेली मुद्रा. उंची साठ सेंटिमीटर, वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम. वजन मी मुद्दाम विचारले. आयुष्यभर काट्यासमोर बसलेल्या माणसाची ती खोड आहे. पुढे तो वाढून मेडिचॅम होतो. तेव्हा त्याचे वजन साडेएकतीस किलो भरते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दोघेही युद्धकलेत निष्णात आणि दोघेही ध्यानी. खेळाच्या भाषेत एकाच वेळी 'लढवय्या' आणि 'मनःशक्तीचा'.

हे सारे कुटुंब जपानचे. सातोशी ताजिरी नावाच्या गृहस्थांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता. शहर वाढले, शेते-डबकी बुजली, किडे नाहीसे झाले. तेव्हा तोच आनंद मुलांना पडद्यावर द्यावा, या कल्पनेतून १९९६ साली पहिले दोन खेळ निघाले. मेडिटाइट आला तो २००२ च्या नोव्हेंबरमध्ये, 'रुबी' आणि 'सफायर' या जोडखेळांत. माणिक आणि नीलम. नावे ठेवणाऱ्याला सराफीची आवड असावी. माझा मुलगा, म्हणजे या नातवाचा पिता, शाळेत असताना दूरदर्शनसंचावर हीच मालिका पाहत असे आणि वेफर्सच्या पुड्यांतून निघणाऱ्या चकत्या जमवीत असे, हे मला तेव्हा आठवले. त्या काळी मी त्याला रागे भरलो होतो. चकत्यांचा डबा कुठे गेला, ते त्याने मला अद्याप सांगितलेले नाही.

अंड्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवीन नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयात याच खेळाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली होती. हिंदू आणि जैन देवस्थानांच्या जागी पडद्यावर अंडी दिसतात, त्यामुळे भावना दुखावतात, असे याचिकेचे म्हणणे होते. न्यायालयाने खेळ काढणाऱ्या कंपनीला आणि सरकारांना नोटिसा काढल्या होत्या. मी ती बातमी वाचून पसंतीची मान हलवली होती. पण न्यायालयाला नोटीस काढणे सोपे आहे. तीन दिवस प्रदक्षिणा घालून थकलेल्या नातवाला काय सांगावे, हे आजोबाला सुचत नाही.

तरी मी सांगायचे ते सांगितले. म्हटले, बेटा, जीवांना पकडायचे आणि झुंजवायचे, हा खेळ आपल्या घरात शोभत नाही. तो म्हणाला, "यात कुणी मरत नाही, दादाजी. हरलेला फक्त मूर्च्छित होतो." मी म्हटले, हिंसा हातानेच होते असे नाही, मनानेही होते, आणि त्याला तंदुलमत्स्याची गोष्ट सांगितली. महामत्स्याजवळ राहणारा, तांदळाच्या दाण्याएवढा मासा. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून लहान मासे येतात-जातात ते पाहून तो मनात म्हणतो, मी असतो तर एकालाही सोडले नसते. एकही मासा न खाता तो सातव्या नरकात जातो. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या नातवाला ही गोष्ट आवडली. थोडा विचार करून त्याने विचारले, "आणि ज्याच्याकडे खरंच सगळी पोती असतात, तो कुठे जातो?"

मुनीमजी पुन्हा हसले. या खेळाचे सारे मर्म, जितके जीव आहेत तितके सगळे आपल्याकडे असावेत, या इच्छेत आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाला मूर्च्छा म्हटले आहे, हे मला ठाऊक होते आणि नातवाने तो शब्द नकळत माझ्या हातात दिला होता. परंतु वखारीत उभे राहून त्यावर व्याख्यान देण्याचे धैर्य मला झाले नाही.

नातवाकडे एक वही आहे. तिच्यात त्याने निरनिराळ्या जीवांची खेळात दिलेली माहिती आपल्या अक्षरात उतरवून ठेवली आहे. त्या रात्री त्याने मला मेडिटाइटचे पान वाचून दाखवले आणि माझा विरोध तिथेच ढासळला. हा जीव डोंगरात राहून मनाची कठोर साधना करतो. योगाभ्यास एक दिवसही चुकवत नाही. दिवसाकाठी फक्त एक फळ खाऊन राहतो, कारण कमी खाणे हाही त्याच्या साधनेचाच भाग. आणि मोठा झाल्यावर, मेडिचॅमच्या अवस्थेत, तो संपूर्ण एक महिना काही न खाता ध्यानस्थ बसू शकतो.

मी तीनदा वाचायला लावले. ऊनोदरी! मासखमण! ज्यांच्या जेवणात मासळीवाचून घास उतरत नाही, त्या लोकांनी मुलांच्या खेळण्यात मासखमण घातले होते. दुसऱ्या दिवशी स्थानकात मी हे चार जणांना सांगितले. पुढे कुणी भेटले की सांगू लागलो. त्या जीवाचे जपानी नाव 'आसानान'. त्यात आपले 'आसन' लपलेले आहे, हेही नातवाने दाखवले. 'ध्यान' शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला, तिथे 'छान' झाला, जपानमध्ये 'झेन' झाला, हे मी कुठेसे वाचले होते. आता 'आसन' ही त्याच वाटेने जाऊन मोबाइलमधून मूलच्या वखारीत परत आले होते. आमच्या घरात 'आसन' म्हणजे आधी सामायिकाला बसण्याचा लोकरी तुकडा. तो माझ्या आईच्या हातचा आहे आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडला आहे.

मात्र वहीच्या त्याच पानावर आणखी एक वाक्य होते, ज्याकडे मी तेव्हा हसून दुर्लक्ष केले. मेडिटाइट ध्यानाला बसला की दर वेळी त्याचे लक्ष विचलित होते, म्हणून त्याची साधना कधी संपतच नाही.

आता एक कबुली देतो. मी गेली एकतीस वर्षे रोज सकाळी सामायिक करतो. दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. लोक मला धर्मनिष्ठ म्हणतात आणि मी ते म्हणू देतो. परंतु त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत धानाचा भाव, चामोर्शीकडून यायची गाडी, गडचिरोलीच्या एका जुन्या खातेदाराकडची बाकी, एवढे सगळे माझ्या आसनावर येऊन बसते. कधी माळेचे मणी पुढे जातात आणि माझ्या मनात मात्र पोती मोजली जातात. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री नातवाला सांगितली. तो जराही चकित झाला नाही. "मग तुम्ही मेडिटाइट आहात," एवढेच म्हणाला आणि झोपी गेला.

पर्युषण आले. नातवाने जाहीर केले की शेवटचे तीन दिवस तो तेला करणार. त्याच्या आईला काळजी वाटली. आमच्या सौभाग्यवतींनी नापसंती दर्शवली, वय तेरा, अंगात मांस नाही. मी दोघींना गप्प केले. घरात तप होत असताना अडवणे म्हणजे अंतराय, असे शास्त्र मी ऐकवले. खरे सांगायचे तर मला अतिशय आनंद झाला होता. आमच्या घराण्यात इतक्या लहान वयात तेला कुणी केला नव्हता. पहिल्याच दिवशी मी प्रभावनेसाठी चांदीच्या छोट्या वाट्यांची चौकशी चंद्रपूरला केली. संवत्सरीनंतर तपस्वींचा बहुमान होतो, त्या यादीत नाव घातले. फोटो काढवला, याच मासिकाच्या 'तपोवंदना'च्या पानासाठी. फोटोत नातू ताठ बसला होता, डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मेडिचॅमसारखे बसण्याची ती तऱ्हा होती, हे मला नंतर समजले.

पहिला दिवस हसतखेळत गेला. दुसऱ्या दिवशी तो निजून होता. तिसऱ्या दिवशी संवत्सरी. दुपारी उकळून थारवलेले पाणी तो घोट घोट पीत होता आणि ओठांवर पापुद्रे आले होते, तरी चेहऱ्यावर एक विलक्षण ईर्षा दिसत होती. मी तिला श्रद्धा समजलो.

सायंकाळी स्थानकात प्रतिक्रमण झाले. चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागून झाली, सगळे एकमेकांपुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणू लागले. परतताना गल्लीत अंधार होता. नातवाने माझा हात धरला आणि अगदी साध्या, शंका विचारण्याच्या स्वरात म्हणाला,

"दादाजी, ज्याला मारायचं ठरवलंय, त्याला मिच्छामि दुक्कडम् आधी म्हणायचं की मारून झाल्यावर?"

ओट्यावर बसून मी सारे ऐकले. तो चंद्रपूरला शाळेत जातो, गावातली काही मुले मिळून गाडी लावली आहे. त्या गाडीत एक मुलगा त्याला गेले पाच महिने मारीत होता. डबा उघडून हसणे, बटाटासुद्धा न खाणारा म्हणून चिडवणे, मग दंडावर बुक्की, रोज एक. सदऱ्याची बाही वर करून त्याने दंड दाखवला. ओट्यावरच्या दिव्यात तो पिकून डागाळलेल्या पेरूसारखा दिसला. जूनमध्ये त्याने मला कराटेच्या वर्गाला जाऊ का असे विचारले होते. "आपल्याला हाणामारी शोभत नाही," असे मी हिशेबाच्या वहीतून मान न काढता म्हटले होते. ते मला आठवत नव्हते. त्याला शब्दशः आठवत होते.

मग त्याला ते अंडे मिळाले. वहीत लिहिलेच होते: मेडिचॅमच्या अंगी एक विशेष गुण असतो, त्याचे नाव 'शुद्ध शक्ती', आणि त्याने त्याच्या प्रहाराचे बळ दुप्पट होते. नृत्याच्या पावलांनी तो वार चुकवतो आणि त्याच हालचालीत जबर तडाखा देतो. हे बळ येते कुठून? ध्यानातून आणि उपवासातून. मुलाने हिशेब मांडला होता. मेडिचॅम महिनाभर करतो, आपण तीन दिवस करू. दुप्पट नाही तरी सवापट होईल. सोमवारी गाडीत तो परत मारायचे ठरवून होता. मेडिटाइटला मेडिचॅम करण्यासाठी खेळात पन्नास कँड्या लागतात. तेही त्याने पारण्याच्या दिवसासाठी राखून ठेवले होते.

मी प्रथम रागावलो. तप म्हणजे काय रे तुझे शस्त्र, असे म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. चांदीच्या वाट्या आठवल्या. फोटो आठवला. त्याला त्या तीन दिवसांतून एक बुक्की हवी होती, मला एक छापील पान हवे होते. कर्मनिर्जरा दोघांच्याही यादीत नव्हती. त्याचे कारण निदान दंडावर उमटलेले होते.

तप वळले की शस्त्र होते, हे आपल्या ग्रंथांना ठाऊक आहे. भगवतीसूत्रात गोशालकाची कथा आहे. सहा महिने खडतर तप करून त्याने तेजोलेश्या मिळवली आणि पुढे ती ज्यांच्याकडून शिकला त्या भगवान महावीरांवरच सोडली. ती त्याच्यावरच उलटली आणि सातव्या दिवशी तो गेला. ही गोष्ट मी त्याला सांगितली, पण ती भीती घालणारी गोष्ट आहे आणि उपाशी मुलाला भीती घालून काय मिळणार? म्हणून बाहुबलींची सांगितली.

हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ती विस्ताराने सांगितली आहे. भरत आणि बाहुबली, दोघे सावत्र भाऊ. एकाला चक्रवर्ती व्हायचे होते, दुसऱ्याला वाकायचे नव्हते. सैन्ये कापली जाऊ नयेत म्हणून दोघांनीच लढायचे ठरले: दृष्टी, वाणी, बाहू, मूठ, दंड. प्रत्येक वेळी बाहुबली सरस ठरले. तेव्हा भरताने नियम मोडून चक्र सोडले. ते बाहुबलींना न लागता परत गेले. आता बाहुबलींनी मूठ उगारली. ती मूठ खाली आली असती तर भरत उरले नसते. उगारलेल्या क्षणी त्यांना कळले की आपण काय करतो आहोत. परंतु उगारलेली मूठ रिकामी खाली यायची नव्हती. त्यांनी तीच मूठ आपल्या मस्तकाकडे नेली आणि केस उपटले. लोच केला, तिथेच कायोत्सर्गात उभे राहिले. वर्ष उलटले. पायांवर वेली चढल्या, पक्ष्यांनी घरटी केली. तरी केवलज्ञान होईना, कारण धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, एवढी एक सल आत राहिली होती. शेवटी ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि म्हणाल्या, हत्तीवरून खाली उतर.

"कुठला हत्ती?" नातवाने विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप वावरतो आहे, धान तुडवतो आहे. आमच्या पेढीवर हत्ती ही उपमा राहिलेली नाही. मी सांगितले, मानाचा हत्ती. सांगताना मला माझे बूड जमिनीपासून फार उंचावर असल्यासारखे वाटले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण दादाजी, बाहुबली मारू शकत होते. मला मारताच येत नाही. मी मूठ मागे घेतली तरी कुणाला कळणार? ते तर रोजचंच आहे."

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही व्यापारी माणसे पुष्कळदा दुबळेपणाला अहिंसा म्हणून खपवतो; माल एक आणि लेबल दुसरे. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची असते, हेतू धरून, ठरवून केलेली. विरोधी हिंसा, म्हणजे स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी, हा वेगळा प्रकार आपल्याच आचार्यांनी वेगळा काढून ठेवला आहे. हे मला पाठ होते. जूनमध्ये, मुलाने विचारले तेव्हा, नेमके हेच मी सांगितले नाही. सांगायला वेळ लागला असता आणि समोर खतावणी उघडी होती.

दाराशी सौभाग्यवती उभ्या होत्या. केव्हापासून, ते ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "उद्या पारणं मुगाच्या पाण्यानं होईल. बहुमानाचं तुमचं तुम्ही निस्तरा."

पारणे झाले. यादीतून नाव काढायला मी संघाच्या मंत्र्यांकडे गेलो. त्यांनी कारण विचारले. माझ्या चुकीमुळे, एवढेच मी सांगितले. फोटो गल्ल्याच्या खणात आहे. वाट्यांचा विसार बुडाला.

सोमवारी गाडीत नातू नव्हता. मी त्याला घेऊन चंद्रपूरला गेलो होतो. त्या मुलाच्या घरी बसलो. मुलगा माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान निघाला, मनगटे काटकीसारखी. वडिलांनी त्याला आत बोलावले तेव्हा तो बुटांकडे पाहत उभा राहिला. क्षमा मागितली, पण ती मोठ्यांपुढे मागायची म्हणून मागितली, असे मला वाटले. निघताना नातवाने त्याला हात जोडले. त्याने काय म्हटले ते मी ऐकले नाही. बुक्क्या थांबल्या आहेत. चिडवणे थांबलेले नाही.

कराटेच्या वर्गाला तो आता जातो. कराटे या शब्दाचा अर्थ रिकामा हात, असे त्याच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी सांगितले. पंधरा दिवस फक्त उभे राहणे, श्वास आणि मूठ वळणे, अंगठा बाहेर ठेवून. पंधरा दिवसांनी मी विचारले तर तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "अजून मारायला शिकवलंच नाही." शिक्षक मला बरे वाटले. आमच्या संघातील दोघांनी मला बाजूला घेऊन विचारले, हे काय आरंभले? मी त्यांना विरोधी हिंसेचा तो भाग सांगितला. एकाचे समाधान झाले. दुसऱ्याने आपल्या मुलीसाठी वर्गाची वेळ विचारली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भद्रावतीला गेलो. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या त्या श्यामवर्ण मूर्तीपुढे मी वर्षातून दोनदा तरी बसतो. मोबाइल धर्मशाळेत ठेवायला लावला. त्याने वाद न घालता ठेवला. गाभाऱ्यासमोर त्याला कमठाची गोष्ट सांगितली. कमठाने पाऊस कोसळवला, पाणी नाकापर्यंत चढले, धरणेंद्राने फणा धरला. आणि भगवंतांची दृष्टी मारणाऱ्यावर आणि वाचवणाऱ्यावर सारखीच राहिली. नातू मूर्तीकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "यांचं लक्ष एकदाही विचलित झालं नाही?" मी मान हलवली. "मग बरोबर," असे म्हणून तो पुन्हा सरळ बसला. काय बरोबर, ते मी विचारले नाही.

पन्नास कँड्या केव्हाच जमल्या आहेत. पडद्यावर बटण दिसते, बोट लावले की मेडिटाइटचा मेडिचॅम होईल, वजन साडेएकतीस किलो भरेल, महिनाभराचा उपवास अंगी येईल. तो बोट लावत नाही. सकाळी माझे सामायिक आटोपून मी आसनाची घडी घालू लागलो की दप्तर भरता भरता तो विचारतो, "दादाजी, आज किती वेळा?"

मी खरे ते सांगतो. काल सात वेळा. त्यात चार वेळा धानाचा भाव.